एकशे बारावी सही

होरेस बटरवर्थला दारू पाजून कुणी गुंडाळू शकत नव्हतं, आणि हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा. बाराव्या वर्षी मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅमच्या चॅपलमध्ये हात वर करून त्याने दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती. एकसष्टाव्या वर्षीही ती शाबूत होती. बायको आडा म्हणायची, "शपथ पाळलीस ते ठीक, पण गावाला किती वेळा सांगशील?" तरी त्याच्या कामात या शपथेला किंमत होती. वादक संघातर्फे स्टुडिओत बसून पहारा देणारे बाकीचे लोक असे, की त्यांना कोपऱ्यावरचा पब दाखवला की झालं.

त्याचं काम असं होतं. दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर त्या आठवड्यातल्या गाजणाऱ्या गाण्यांचा कार्यक्रम लागे. पोरं गिटारी अडकवून मंचावर येत, पण वाजवत काहीच नसत. मागे टेप चाले आणि हे पुढे वाजवल्याचा आव आणत, तोंडं हलवत. मग टेपच लावायची तर दुकानात मिळते ती रेकॉर्डच का लावू नये? संघाने नेमकं हेच अडवलं होतं. एकदा केलेली रेकॉर्ड तुम्ही शंभरदा वाजवाल आणि वादक घरी माश्या मारत बसतील, असं संघाचं म्हणणं. म्हणून नियम झाला. कार्यक्रमात यायचं तर बँडने दर वेळी स्टुडिओत जाऊन, तीन तासांच्या आत, तेच गाणं नव्याने वाजवून त्याची टेप करायची, आणि गुरुवारी तीच टेप लावायची. संघाचा माणूस समोर बसून ऐकणार आणि कागदावर सही करणार. कागदावर छापलेलं असे, 'हे गाणं माझ्यासमोर याच वादकांनी वाजवलं असून प्रक्षेपणात हीच टेप लागेल.' त्याखाली होरेस आपलं पूर्ण नाव लिहायचा. आद्याक्षरांवर भागवणारी माणसं त्याला आवडत नसत.

या नियमावर त्याचा जीव होता आणि तो उगाच नव्हता. सतराव्या वर्षी तो मूकपटाच्या थिएटरात पडद्याखाली बसून क्लॅरिनेट वाजवायला लागला. सहा वर्षं वाजवलं. मग एका सोमवारी बोलपट आला, आणि शुक्रवारी मालकाने अकराच्या अकरा वादकांना कोट चढवून घरी जायला सांगितलं. पडद्यावरची माणसं बोलायला लागली म्हणून खालची मुकी झाली. पुढे तीस वर्षं त्याने नाचाच्या हॉलमध्ये काढली, तर तिथेही एक दिवस बँडच्या जागी रेकॉर्ड लावणारा एकटा इसम येऊन बसला. दोनदा ज्याच्या हातचं काम यंत्राने ओरबाडून नेलं, त्याला तो नियम देवाच्या शब्दासारखा वाटला तर नवल काय? संघाचा सचिव सिरिल फोर्शॉ हा त्या अकरांतलाच. तो ट्रॉम्बोन वाजवायचा. त्यानेच होरेसला हे काम दिलं होतं. तेव्हा म्हणाला होता, "तुझ्यासारखा सरळ माणूस मला दुसरा नाही, होरेस." होरेसने ते वाक्य जपून ठेवलं होतं.

अडुसष्ट सालच्या मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी तो स्टॉकपोर्टला गेला. टोप्यांच्या जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ होता. त्या दिवशी 'लॉकगेट्स' नावाचा बँड होता. रॉचडेलची चार पोरं. त्यांचं पहिलंच गाणं लंडनच्या कंपनीने काढलं होतं आणि ते भराभर खपत होतं. कंपनीने रेकॉर्डवर आठ व्हायोलिनं घातली होती. स्टॉकपोर्टात व्हायोलिनं आणतो कोण? बँडचा कारभारी डेस्मंड प्राइस, गुळगुळीत दाढीचा आणि त्याहून गुळगुळीत बोलण्याचा माणूस, म्हणाला, "मिस्टर बटरवर्थ, व्हायोलिनांच्या जागी आमचा एक जण माउथऑर्गन वाजवेल. चालेल ना?"

"तुमचे तुम्ही वाजवताय ना? मग शिट्ट्या मारा, मला चालेल," होरेस म्हणाला.

पोरांनी वाजवायला सुरुवात केली. पहिल्या तीन खेपा फसल्या. ड्रमवरचा आल्विन लम, बावीस वर्षांचा, दातओठ खाऊन वाजवत होता. मधल्या चहाच्या वेळी तो होरेसच्या शेजारी येऊन बसला.

"मिस्टर बटरवर्थ, एक विचारू? गुरुवारी हेच लागणार ना? आजचं?"

"का रे?"

"रेकॉर्डवर मी नाहीये. लंडनवाल्यांनी सांगितलं, तू चहा पिऊन ये. परत आलो तर माझ्या ड्रमवर त्यांचा माणूस वाजवून मोकळा झालेला." आल्विन कपाकडे बघत बोलत होता. "आमचे बाबा गिरणीच्या बँडमध्ये वीस वर्षं मोठा ढोल वाजवतात. मी रेकॉर्ड घरी नेली, लावली. अर्ध्यावर सुई उचलली त्यांनी. म्हणाले, हा तुझा हात नाही. मला काय लोकांसमोर खोटं पाडतोस?"

होरेसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराला चहाला पिटाळून त्याची जागा चोरायची, आणि वर त्यालाच टीव्हीवर उभं करून दुसऱ्याच्या ठोक्यांवर हात हलवायला लावायचे. "ऐक," तो म्हणाला, "आज तू जे वाजवशील ते गुरुवारी लागेल. त्याच्यावर माझी सही असते. बापाला सांग, कान देऊन बस म्हणावं."

पाचव्या खेपेला गाणं जमलं. रेकॉर्डपेक्षा जरा वेगात गेलं आणि गाणाऱ्याचा घसा बसला होता, पण आल्विनने ड्रम असे वाजवले, की होरेसचा बूट आपोआप ताल धरायला लागला. त्याने कागदावर आणि टेपच्या डब्यावर सही केली. मग नेहमीप्रमाणे डेस्मंड म्हणाला, "चला, तुमचं टार्ट वाट बघतंय."

कस्टर्डचं टार्ट ही होरेसची एकुलती एक चैन. खाली कोपऱ्यावर चहाचं दुकान होतं, तिथे वर जायफळ भुरभुरलेलं टार्ट मिळे. प्रत्येक स्टुडिओजवळ असं एखादं दुकान असायचंच आणि प्रत्येक कारभाऱ्याला ते ठाऊक असायचं. टेप पुढे गाडीतून टीव्हीवाल्यांकडे जाई, आणि होरेस निवांत टार्ट खाई. दारू नाही, म्हणजे लाच नाही, असा त्याचा हिशोब होता.

गुरुवारी होरेसची चॅपलमध्ये गायनवृंदाची तालीम असे. त्यामुळे हा कार्यक्रम त्याने तीन वर्षांत एकदाही पाहिला नव्हता, आणि टीव्ही त्याने घरात येऊच दिला नव्हता. त्या गुरुवारी मात्र चॅपलचा बॉयलर फुटला आणि तालीम रद्द झाली. आडा दर गुरुवारी शेजारच्या हिल्डाकडे टीव्ही बघायला जायची. "चल की," ती म्हणाली. "तुझी पोरं बघ तरी."

दोन बँड होऊन गेल्यावर लॉकगेट्सची पाळी आली. गिटारींच्या वायरी कुठेच जोडलेल्या नव्हत्या, ते ठीक, ते त्याला ठाऊक होतं. पण गाणं सुरू झालं आणि मागून व्हायोलिनं वाजू लागली. एक नाही, आठ.

होरेस खुर्चीतून अर्धा उठला. "व्हायोलिनं कुठून आली?"

"गाण्यातच आहेत की," हिल्डा म्हणाली. "रेकॉर्डवर पण असंच आहे. अगदी तस्सं. म्हणून तर आवडतं मला."

"अगं, पण मी मंगळवारी होतो तिथे! एक व्हायोलिन नव्हतं. माउथऑर्गन होता!"

"मग आज आणली असतील."

"कुठायत? दाखव मला एक तरी व्हायोलिन! चार पोरं उभी आहेत!"

हिल्डाने आडाकडे पाहिलं. पडद्यावर आल्विन मान खाली घालून हात हलवत होता आणि लंडनचा तो माणूस वाजवत होता. एकदा त्याचे हात ठोक्याच्या मागे पडले. त्याने ते पुढे आणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

घरी आल्यावर होरेस बराच वेळ स्वयंपाकघरात येरझारा घालत होता. बाकीचे पबमध्ये बुडाले होते आणि हा कस्टर्डमध्ये. तो टार्ट चावत असताना डबा तोच राहायचा आणि आतलं रीळ बदलायचं. डब्यावर त्याचीच सही, ठळक, पूर्ण नावानिशी. चोराने चोरी करावी आणि पावती याच्या नावाने फाडावी, असा प्रकार. "आणि मी त्या पोराला शब्द दिला, आडा. बापाला सांग म्हणालो. बाप बसला असेल कान देऊन."

"सिरिलला सांग," आडा म्हणाली.

"सांगणारच. सिरिलला कळलं ना, तर तो टीव्हीवाल्यांच्या डोक्यावरचं छप्पर काढेल."

दुसऱ्या दिवशी त्याने कोपऱ्यावरच्या फोनवरून सगळं सांगितलं. सिरिलने शांतपणे ऐकून घेतलं. "बघतो मी," तो म्हणाला. "तू मध्ये पडू नकोस." होरेसला हायसं वाटलं. त्याने तीन आठवडे वाट पाहिली. छप्पर जागेवरच राहिलं.

तोवर गाणं खपाच्या यादीत चौथ्या नंबरावर चढलं होतं, आणि टीव्हीवाल्यांनी लॉकगेट्सना पुन्हा बोलावलं. पुन्हा बोलावलं म्हणजे पुन्हा टेप. होरेस टोप्यांच्या कारखान्याचा जिना चढून गेला, तेव्हा आल्विनने त्याच्याकडे पाहून तोंड फिरवलं.

होरेस सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "काय म्हणाले वडील?"

"काही नाही म्हणाले. उठून बाहेर गेले." आल्विन काठ्या चाचपत होता. "तुम्ही पण त्यांच्यातलेच निघालात. निदान आधी सांगायचं तरी. मी सगळ्या गल्लीला बसवलं होतं."

फसवला गेलो, असं सांगितलं तर ते खरं होतं, पण एकसष्ट वर्षांच्या माणसाने बावीस वर्षांच्या पोराला ते कोणत्या तोंडाने सांगायचं? तो एवढंच म्हणाला, "आज वाजव. पुढचं माझं."

आल्विनने खांदे उडवले, पण वाजवायला बसल्यावर त्याला हात आखडता घेता येईना. दुसऱ्याच खेपेला गाणं झालं. पुन्हा जरा वेगात, पुन्हा माउथऑर्गन. होरेसने सही केली आणि डबा काखेत मारला.

"चला," डेस्मंड म्हणाला, "टार्ट."

"तुम्ही खा."

"अहो, पण डबा तर द्या. गाडी थांबलीये खाली."

"थांबू दे. गुरुवारी मी स्वतः टीव्हीवाल्यांकडे घेऊन जातो."

डेस्मंडच्या चेहऱ्यावरचा गुळगुळीतपणा पहिल्यांदाच उतरला. "मिस्टर बटरवर्थ, जगाची रीत समजून घ्या. व्हायोलिनं नसतील तर लोक म्हणतील, हे ते गाणंच नाही. पोरांचं नुकसान कराल तुम्ही. हा फक्त कागदाचा मामला आहे."

"कागदावर नाव माझं आहे!" होरेस इतक्या जोरात ओरडला की गाणारा पोरगा खोलीबाहेर येऊन बघायला लागला. "तुमचं असतं तर खुशाल त्यात टार्ट गुंडाळलं असतंत!"

दोन दिवस ते रीळ आडाच्या चादरींच्या कपाटात राहिलं. गुरुवारी त्याने गायनवृंदाला निरोप धाडला, चांगला कोट चढवला आणि दुपारच्या बसने मँचेस्टरचं टीव्ही केंद्र गाठलं. फाटकावरच्या माणसाला संघाचं कार्ड दाखवून तो विचारत विचारत टेप लावायच्या खोलीत पोहोचला. तिथे एक टकला, दमलेला तंत्रज्ञ यंत्रावर रीळ चढवून तयार बसला होता. लॉकगेट्सचंच.

"ते काढा," होरेस म्हणाला, "आणि हे लावा."

"तुम्ही कोण?"

"डब्यावर सही असते ना, तो मी."

तंत्रज्ञाने त्याच्याकडे कुतूहलाने पाहिलं. "अच्छा, बटरवर्थ म्हणजे तुम्ही? मला वाटायचं, हे नाव छापूनच येतं."

होरेस त्याच्यावर भडकला नाही. राग कुठे खर्च करायचा हे त्याचं आता ठरलं होतं. तेवढ्यात डेस्मंड आणि कार्यक्रमाचा कुणी वरचा अधिकारी धावत आले. कार्यक्रम थेट जायचा होता, दहा मिनिटं उरली होती. अधिकारी म्हणाला, बाहेर व्हा. होरेसने काचेपलीकडे बोट दाखवलं. एकट्या गायकांच्या साथीला कार्यक्रमाचा स्वतःचा वाद्यवृंद होता, तो वाद्यं लावत बसला होता.

"ते अठरा जण संघाचे सभासद आहेत. त्यांतल्या सात जणांबरोबर मी हॉलमध्ये वाजवलंय. त्यांना जाऊन सांगू, की इथे संघाच्या सहीखाली काय लागतं ते? वाद्यं खाली ठेवून चहाला जातील. मग दाखवा देशाला मोकळ्या खुर्च्या."

अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. डेस्मंडने देवाकडे पाहिलं. टकल्या तंत्रज्ञाने कुणाला न विचारता जुनं रीळ उतरवलं.

होरेस यंत्राशेजारीच उभा राहिला. लॉकगेट्स मंचावर आले. टेप सुरू झाली आणि पहिल्या चार ठोक्यांतच आल्विनची मान ताठ झाली. स्वतःचा हात ज्याला त्याला ओळखू येतो. त्याने तोंड वर केलं आणि असं वाजवायला घेतलं, की आपण आव आणतोय याचा त्याला विसर पडला असावा. हात आणि ठोका यांत केसाचंही अंतर नव्हतं. गिटारवाला माउथऑर्गन शोधत खिसे चाचपत होता, कारण आज कुठली टेप लागणार ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. समोरच्या पोरी मागच्या वेळेइतक्याच किंचाळत होत्या. आठ व्हायोलिनं गेली ती एकीलाही कळलं नाही.

गाणं संपल्यावर आल्विन घामाने थबथबलेला कॉरिडॉरमध्ये आला आणि तिथल्या फोनकडे धावला. गल्लीतल्या दुकानात फोन लावून त्याने बापाला बोलावून घेतलं. होरेस दाराशी थांबला होता. पलीकडून काही बोललं गेलं, फार थोडं, आणि आल्विन भिंतीला टेकून हसत सुटला.

"काय म्हणाले?" होरेसने विचारलं.

"म्हणाले, शेवटच्या कडव्यात घाई केलीस." त्याने बाहीने डोळे पुसले. "पहिल्यापासून करतोस, म्हणाले."

शुक्रवारी सकाळी सिरिलने त्याला कचेरीत बोलावलं. होरेस जवळजवळ शीळ घालत गेला. सिरिल टेबलामागे बसला होता आणि त्याने खुर्ची दाखवली नाही.

"काय करून बसलास हे? टीव्हीवाल्यांचा फोन, रेकॉर्ड कंपनीचा फोन. मी म्हणालो होतो ना, मध्ये पडू नकोस?"

"सिरिल, ते रीळ बदलतात! मी सांगितलं तुला!"

"मला ठाऊक आहे बदलतात." सिरिलने चष्मा काढला. "सगळ्यांना ठाऊक आहे, होरेस. पहिल्या दिवसापासून. पोरांना तीन तासांचं काम मिळतं, संघाचा मान राहतो, त्यांना त्यांची रेकॉर्ड लावता येते. कुणाचं काय बिघडलं?"

"मग मला कशाला बसवलंस तिथे?"

"कारण बाकीचे पिऊन पडायचे, बाहेर बोलायचे. तू खातोस आणि वेळेवर घरी जातोस. आणि तू सही केलीस की लोकांना खरी वाटते."

सरळ माणूस हवा होता तो एवढ्यासाठी. खोट्यावर डकवायला खरं नाव लागतं म्हणून. टीव्हीवाले परके, डेस्मंड परका, पण हा पडद्याखाली त्याच्या कोपराला कोपर लावून सहा वर्षं बसला होता. बोलपटाच्या त्या शुक्रवारी यानेही कोट चढवला होता. यंत्राने माणसाची जागा घेऊ नये म्हणून केलेला नियम, आणि त्याच नियमाच्या आडून यंत्र लावायला परवानगी देणारा हा, छातीवर संघाचा बिल्ला लावून बसलेला.

"माझ्या किती टेपा खरोखर लागल्या?" त्याने विचारलं. "तीन वर्षांत?"

"आता ते कशाला..."

"किती?"

"कालची," सिरिल म्हणाला.

होरेसने कोट काढून खुर्चीवर टाकला. "माझे कागद काढ."

"कसले?"

"सह्यांचे. सगळे."

सिरिलने आधी नाही म्हटलं, मग हसण्यावारी नेलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहून कपाट उघडलं. एकशे बारा कागद होते. होरेसने खिशातून पेन काढलं आणि पहिल्या कागदावरच्या आपल्या नावावर आडवी रेघ मारली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. घाई केली नाही. होरेस बटरवर्थ, पूर्ण नाव, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकावर नीट एक रेघ.

"हे संघाचे कागद आहेत!" सिरिल उठून उभा राहिला. "तुला हात लावायचा अधिकार नाही!"

"कागद ठेव तू. नाव माझं आहे, ते मी नेतो."

"काम जाईल तुझं."

"पिणारा एखादा बघ. त्याला निदान काय करतोय ते आठवणार तरी नाही."

जेवणाच्या वेळेपर्यंत तो रेघा मारत बसला. टंकलेखन करणारी बाई दोनदा दार उघडून, डोकावून परत गेली. सिरिल आधी बडबडला, मग फोनवर बोलला. एकशे अकरा कागद एका बाजूला रचले गेले. शेवटचा, लॉकगेट्सचा दुसरा, होरेसने वाचला, सहीवर बोट फिरवलं आणि तसाच वर ठेवला. मग कोट घातला.

सिरिल त्या कागदाकडे बघत होता. त्याने तो उचलला, खाली ठेवला. होरेस दारापर्यंत पोहोचला, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "कसं वाजवलं रे पोरांनी?"

होरेस वळला. "तू वादकांचा सचिव ना, सिरिल?" तो म्हणाला. "ऐकायचं होतंस."